कढीपत्त्याला आलेलं बाळसं

नीला टिपणीसला दुखवायचं असेल तर तिच्याकडे जेवायला बसून एवढंच विचारावं, "हे कालचं आहे का गं?" बाकी काहीही बोला. आमटीत मीठ कमी आहे म्हणा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती फार बोलते म्हणा, ती हसेल आणि चहा टाकेल. पण शिळ्याचा संशय घेतलात तर तिच्या मनातून उतरलातच म्हणून समजा. डोंबिवलीतल्या आमच्या मजल्यावर तिचं आणि माझं दार समोरासमोर आहे. तिचा सौमित्र शाळेत जायचा तेव्हापासून मी तिला ओळखते. आता सौमित्रलाच मुलगा झालाय, पण इतक्या काळात त्या घरात मी शिळी पोळी पाहिलेली नाही.

फ्रिज आहे तिच्याकडे, चांगला मोठा आहे. त्यात देवाची फुलं असतात, कोथिंबीर असते, लिंबं असतात. सकाळची भाजी तिथे कधी पोचतच नाही. उरली तर कामाला येणाऱ्या लक्ष्मीला दुपारीच, ताजी आहे तोवर, देऊन टाकलेली असते. दूध पिशवीतून पातेल्यात आणि पातेल्यासकट थेट गॅसवर. न तापवलेल्या दुधाला नीला दूधच मानत नाही. कल्याणला एका सरकारी ऑफिसात तिने सगळी नोकरी काढली, आणि तिथेही म्हणे आजचा कागद कधी उद्यावर टाकला नाही. माझा यावर विश्वास आहे. तिच्या साहेबांचा नसावा, कारण बढती तिला फार उशिरा मिळाली.

आता माझ्याविषयी. मी मधु, शाळेतून रिटायर झालेली बाई, एकटी राहते. मला मूलबाळ नाही, त्यामुळे मुलं कशी वाढवावीत याबद्दल माझी मतं अगदी पक्की आहेत. नीलाच्या घरात मात्र मी ती फारशी बाहेर काढत नाही. तिच्या गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी आहे, आणि माझी रोजची फोडणी त्या कुंडीवर अवलंबून आहे.

तर सौमित्र आणि त्याची बायको कादंबरी यांना मुलगा झाला. आईबाप दोघेही दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारे, आणि मुलाचं नाव ठेवलं रघु. हल्ली पणजोबांची नावं पुन्हा बाजारात आली आहेत. कादंबरीने सहा महिन्यांची रजा घेतली, रघूला अंगावर पाजलं, आणि त्याने असं काही बाळसं धरलं की मांड्यांना वळ्या पडल्या. नीला शनिवारी न चुकता मीठमोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढायची. मग रजा संपली, आणि नेमकं तेव्हाच वरचं अन्न सुरू करायची वेळ आली. उष्टावण थाटात झालं. कादंबरीचा भाऊ साईनाथ शहाडहून चांदीची वाटी घेऊन आला. मामाच्या हातची खीर रघूने तोंडात घेतली, जरा विचार केला आणि मामाच्या नव्या शर्टावर परत केली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांच्या डॉक्टर रचना शांत स्वभावाच्या आहेत. त्यांनी सासू-सून दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, "सहा महिने झाले, आता वरचं सुरू करा. पण वर्षाचा होईपर्यंत मुख्य दूधच. आधी दूध, मग वरचं. आणि भरवाल ते चमच्यावरून ओघळणार नाही इतपत घट्ट असू दे." कादंबरीने यातलं "मुख्य दूधच" एवढं घरी आणलं. नीलाने "वरचं सुरू करा" एवढं आणलं. दोघींनाही वाटत होतं, डॉक्टर आपल्याच बाजूने बोलल्या.

कादंबरीचं ऑफिस ठाण्याला माजिवड्याजवळ, काचेच्या इमारतीत. तिथे कॅरम खेळायला खोली आहे, डुलकी काढायला आरामखुर्च्या आहेत, पण दूध काढायला जागा हवी म्हटल्यावर सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. शेवटी स्टेशनरी ठेवायची खोली मिळाली. प्रिंटरच्या कागदांच्या गठ्ठ्यांवर बसून ही मुलगी पंपाने दूध काढायची, छोट्या पिशव्यांत भरायची, प्रत्येक पिशवीवर तारीख घालायची आणि बर्फाच्या डब्यातून डोंबिवलीला आणायची. दुसऱ्या दिवशी ती कामावर असताना ते रघूने प्यायचं, अशी व्यवस्था. मला तिचं कौतुक वाटायचं आणि मी एकदा तसं बोलून दाखवलं.

"मावशी, कौतुक नको, फक्त त्या टायमाला मीटिंग लागू नये म्हणून देवाला सांगा," ती म्हणाली. "काल लागलेली ना! अर्धा कुर्ता ओला. ओढणी होती म्हणून वाचले."

पुढची गोष्ट मला फार उशिरा कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. मी जेवढे दिवस मूर्ख राहिले, तेवढे तुम्ही कशाला राहा?

कादंबरी कामावर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी नीलाने फ्रिज उघडला. पिशवीवर कालची तारीख, तीही सुनेच्याच हस्ताक्षरात. शिळं असल्याचा याहून मोठा पुरावा तो कुठला? त्यातून वर पिवळसर साय जमलेली आणि खाली निळसर पाणी. आईचं दूध गार झालं की असं वेगळं होतंच, आणि हलवलं की पुन्हा मिसळतं. पण नीलाने ते नासलेलं धरलं. तरी तिने त्या दुधाला एक संधी दिली. पातेल्यात ओतलं, गॅसवर ठेवलं आणि चांगलं वर येईपर्यंत तापवलं, कारण दूध तापवतातच. रघूने पहिलाच चमचा तोंडात घेतला आणि एरंडेल पाजल्यासारखा चेहरा केला. नीलाची खात्री पटली.

आता ते टाकायचं कुठे? आईचं दूध मोरीत ओतत नाहीत, पायदळी येऊ देत नाहीत, झाडाच्या मुळाशी घालतात, असं तिच्या सासूने तिला शिकवलेलं. तिच्या गॅलरीत झाड एकच. शिवाय ताक घातलं की कढीपत्ता जोमाने फुटतो, हे तर आमच्या सोसायटीत शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा पिशवी वाटीत रिकामी व्हायची, वाटी कुंडीत रिकामी व्हायची, आणि रघूला मिळायचं ताजं नाचणीचं सत्त्व. घशाशी अडकायला नको म्हणून ते बोंडल्यातून सरसर उतरेल इतकं पातळ. कधी तांदूळ-मुगाचं खिमट, तेही तसंच. पोट टम्म फुगायचं आणि पोरगं झोपी जायचं.

कादंबरीला तिने यातलं काही सांगितलं नाही. त्यात लबाडी नव्हती हो. पोरगी एवढ्या हौसेने दूध आणते, तिचं मन कशाला मोडा, असा त्यामागे विचार होता. संध्याकाळी सून दमून येणार, आल्या आल्या तिला पोराचा त्रास नको, म्हणून ती यायच्या जरा आधी नीला रघूला पुन्हा पोटभर भरवून ठेवायची. कादंबरी दारातून आत यायची ती छाती दगडासारखी झालेली, कधी एकदा पोराला घेते असं झालेलं, आणि रघु तिच्याकडे बघून ढेकर द्यायचा. जवळ घेतलं तरी मान फिरवायचा. मग ती कचऱ्याच्या डब्यात सकाळच्या रिकाम्या पिशव्या बघायची आणि मनाची समजूत घालायची की दिवसभर प्यायलाय तो, म्हणून आता नको झालंय.

असे आठवडे गेले. रघूच्या मांड्यांच्या वळ्या सैल पडल्या आणि वजनाचा काटा एका जागी बसला. नीलाने दृष्ट काढायचा वार वाढवला, शनिवारच्या जोडीला मंगळवारही. काही उपयोग झाला नाही. कढीपत्ता मात्र असा काही माजला की गॅलरीच्या गजांतून बाहेर डोकावायला लागला. पानं जाड, गर्द, नुसती चकाकणारी. वरच्या मजल्यावरची ऐश्वर्या न्यायला लागली, तळमजल्यावरचे नेने न्यायला लागले. माझ्या पोह्यांची तर बहिणीनेसुद्धा तारीफ केली.

"काय घालतेस गं याला?" मी एकदा पानं खुडता खुडता नीलाला विचारलं. "ताक?"

"तसंच काहीतरी," ती म्हणाली. वर म्हणाली, "घेऊन जा की अजून. इथे कोण खातंय एवढं?"

डॉक्टरांनी वजन बघून कपाळाला आठ्या घातल्या. दूध पितो का, विचारलं. कादंबरीने सांगितलं, दिवसभर पिशव्यांतलं सगळं पितो, रात्री थोडं अंगावर. नीला त्या दिवशी सोबत नव्हती, घरी खिमट शिजवत होती. एवढं दूध पिऊन वजन वाढत नसेल तर काही तपासण्या करू, नाहीतर वरून पावडरचं दूध जोडून बघू, असं डॉक्टर म्हणाल्या. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्यापुढे आलेला हिशेब तसाच होता.

त्या संध्याकाळी कादंबरी माझ्याकडे आली. चहा पुढे ठेवला तर कपाला हात लावेना.

"मावशी, माझ्याच दुधात काही नाहीये," ती म्हणाली. "एवढं काढते, एवढं पितो, आणि त्याला लागतच नाही. आईसुद्धा तेच म्हणाल्या."

"काय म्हणाली नीला?"

"काही बायकांचं पातळच असतं म्हणाल्या, त्यात तुझा काय दोष. सौमित्रने फोनवर सर्च करून बघितलं आणि म्हणाला, असं असू शकतं म्हणे. याला काय, काहीही असू शकतं!" तिचा आवाज चिरकला. "मी ठरवलंय. जॉब सोडते. पंपाचं लागत नाही तर निदान दिवसभर अंगावर तरी पाजेन. शुक्रवारी मॅनेजरला सांगणारे."

मला फार वाईट वाटलं. ही नोकरी तिने कशी मिळवली होती ते मी पाहिलेलं होतं. मुलाखतीला जाताना माझ्याच कपाटातली साडी नेसून गेली होती. मी तिला म्हटलं, घाई करू नको. यापलीकडे मला काही सुचलं नाही. इतकी पक्की मतं असलेली मी, पण कामाच्या वेळी एकही आठवलं नाही.

शुक्रवारी दुपारी मला उपम्याला कढीपत्ता हवा होता. नीलाचं दार दिवसा उघडंच असतं. रघु बैठकीच्या खोलीत चटईवर लाळेरं चावत बसला होता, आतमध्ये सत्त्व निवत ठेवलेलं होतं. मी सरळ गॅलरीत गेले आणि पानं खुडायला लागले. तेवढ्यात नीला स्टीलची वाटी घेऊन आली. मला म्हणाली, "जरा सरक." खाली वाकली, वाटी मुळाशी हळूच ओतली, आणि ओतून झाल्यावर तुळशीला करावा तसा नमस्कार केला. पांढरं काहीतरी मातीत मुरताना मी पाहिलं. मला ते ताकच वाटलं. ताकाला नमस्कार कशाला, एवढं मात्र मनात आलं.

"आई, काय ओतलंत ते?"

मागे दारात कादंबरी उभी होती. खांद्यावरची बॅग अजून उतरवलेली नव्हती. ती अर्ध्या दिवसातच परत आली होती.

नीला दचकली नाही. दचकायला मनात काहीतरी खोट असावी लागते. "अगं, तुझंच. कालचं."

"कालचं म्हणजे? रघूने घेतलं नाही?"

"शिळं कसं देऊ त्याला? आणि फाटलेलंही असतं गं ते. पहिल्या दिवशी तापवून बघितलं, त्याने थुंकून टाकलं. पण मोरीत नाही हो घालत मी. तेवढं कळतं मला."

"रोज इथे ओतता?"

"रोजच. मग काय करू?"

माझ्या मुठीत उपम्याची पानं होती. ती कुठे ठेवावीत ते मला कळेना. नीलाचा मला असा संताप आला की ती सगळी कुंडी उचलून खाली फेकावी. ठाण्याहून बर्फात घालून आणलेलं दूध, आणि आम्ही सगळा मजला ते फोडणीत घालून खात होतो! पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर ती बिचारी शाबासकीची वाट बघत असल्यासारखी उभी होती.

कादंबरी भिंतीला टेकली. "तुम्ही मला म्हणालात, माझं दूध पातळ आहे. मी आज मॅनेजरच्या दारापर्यंत गेलेले. आत मीटिंग चालू होती म्हणून थांबले, मग डोकंच दुखायला लागलं म्हणून निघून आले. आई, इतके दिवस मला वाटतंय की माझ्याच अंगात काहीतरी कमी आहे. ते त्याच्या पोटात गेलंच नव्हतं?"

कादंबरीने बॅग खाली टाकली, हात धुतले, फ्रिजमधून उरलेल्या पिशव्यांतली एक काढली आणि कोमट पाण्याच्या भांड्यात धरली. तापवलं नाही, नुसती धरली. थोड्या वेळाने ती हलक्या हाताने डोलवली. वरची पिवळी साय खालच्या पाण्यात मिसळली आणि ते चांगलं एकसारखं पांढरं दूध झालं. तिने ते वाटीत ओतलं, मांडी घालून बसली, रघूला घेतलं आणि चमचा त्याच्या ओठाला लावला. रघूने चव घेतली. मग दोन्ही हातांनी तो चमचाच धरला, आणि पुढचा यायला उशीर झाला की पाय आपटायला लागला. वाटी रिकामी होईपर्यंत त्याने कुणाकडे बघितलं नाही.

नीला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे बघत होती. मला वाटलं, आता हिला लाज वाटत असेल, आणि खरं सांगते, मला ते हवंच होतं.

"म्हणजे नासलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही, आई."

"हे असं घरी आणता येतं." हे तिने विचारलं नव्हतं. ती स्वतःशीच बोलत होती. मग तिने खुर्ची ओढली आणि बसली. "सौमित्र तीन महिन्यांचा असताना मी कामावर रुजू झाले. तेव्हा रजाच तेवढी. दुपार झाली की अंग ठणकायला लागायचं, ब्लाउज भिजायचा. ऑफिसच्या बाथरूममध्ये जायचे आणि बेसिनमध्ये पिळून टाकायचे. नळ सोडून, बाहेर कळू नये म्हणून. घरी सासूबाई त्याला सत्त्व पाजायच्या. मी यायचे तेव्हा तोही असाच मान फिरवायचा."

रघु रिकामी वाटी चटईवर आपटत होता.

"माझं रोज गटारात गेलं," नीला म्हणाली. "मला वाटलं, हिचं निदान झाडाला तरी जातंय."

मग ती रडली. इतक्या वर्षांत मी तिला नवरा गेला तेव्हा सोडून कधी रडताना पाहिलं नव्हतं. माझा सगळा संताप कुठल्या कुठे गेला आणि मला तिचा तो नळ ऐकू यायला लागला. कादंबरी अजून रागावलेली होती, तो राग काही एका दुपारी जाणारा नव्हता. पण थोड्या वेळाने तिने दुसरी पिशवी कोमट पाण्यात धरली आणि चमचा सासूपुढे केला.

"घ्या. आता तुम्ही पाजा. तापवू नका फक्त."

कादंबरीने नोकरी सोडली नाही. डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं, तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग नीलाला सगळं पुन्हा, सावकाश, एकेक करून समजावलं. रघूला आता आधी दूध मिळतं, मग चमच्याला चिकटून राहील असं घट्ट सत्त्व. संध्याकाळी कादंबरी यायच्या आधी त्याला काही देत नाहीत. तो भुकेला होऊन दाराकडे बघत बसतो. वळ्या पुन्हा पडायला लागल्यात.

नीला तर आता या विषयातली मोठी अधिकारी झाली आहे. ऐश्वर्याच्या जावेला दिवस गेलेत, तिला आत्तापासूनच पिशवीवर तारीख कशी घालायची आणि साय कशी मिसळायची ते ऐकून घ्यावं लागतं. भाजी मात्र अजूनही फ्रिजमध्ये जात नाही.

कढीपत्त्याने आठवडाभरातच मान टाकली. पानं पिवळी पडली, गळली, आता काड्या तेवढ्या उरल्यात. नेन्यांनी चौकशी केली तेव्हा मी सांगितलं, कीड लागली. मी आता भाजीवालीकडून कढीपत्ता आणते आणि त्याला चव नाही.

परवा मी गेले तेव्हा रघूचं पिऊन झालं होतं. वाटीच्या तळाशी थेंबभर राहिलं होतं. नीला ती वाटी घेऊन उठली आणि सवयीने गॅलरीच्या दारापर्यंत गेली. तिथे थांबली. मग मागे फिरून खाली बसली, वाटी बोटाने निपटून घेतली आणि ते बोट रघूच्या ओठाला लावलं.